पाळत

दोन्ना अद्दोलोराताला अकराला शेवटची गोळी.
ग्लासभर पाणी, कवळीची वाटी, गुडघ्यांमध्ये उशी.
तिचं घोरणं एका लयीत आलं
की मी स्वयंपाकघरात येते, दिवा न लावता,
आणि मुलाच्या फोनमध्ये शिरते.

इथे बारीत अकरा, तिकडे कुताइसीत एक.
हिवाळ्यात दोन.
बाचाना पंधराचा झाला. बाराव्या वर्षापर्यंतचे
त्याचे सगळे शर्ट मला पाठ आहेत.
पुढचे माझी बहीण त्सिउरी घेते.

ॲप इझोल्दाने टाकून दिलं, रविवारी बागेत,
जिथे आम्ही साऱ्या, दुसऱ्यांच्या आया सांभाळणाऱ्या,
सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतो.
डोळ्यात तेल घालून बघ, म्हणाली,
नाहीतर पोरगा हातचा जाईल.
हातचा जायला
तो हातात होता कुठे.

पहिला आठवडा मी चोरासारखी वाचलं.
दुसरा, मालकिणीसारखी.
आता पुरवून पुरवून वाचते,
थोडं उद्याला ठेवून.

आधी फोन अकराला बंद होईल असं लावलं होतं,
शहाण्या आईसारखं.
मग मी मोकळी होईपर्यंत त्याच्याकडे नुसता अंधार.
म्हणून मीच वेळ वाढवली. दीडपर्यंत.
त्याची झोप मी खाते
हे त्सिउरीला सांगितलेलं नाही.

काय काय दिसतं.
पुलाखाली सिगारेट, तीन पोरं, मधला तो.
नात्या नावाची एक मुलगी, जिला तो उत्तर लिहितो,
पुसतो, लिहितो,
आणि शेवटी पाठवतो फक्त अंगठा.
मिशी लवकर येण्यासाठी काय खावं.
कुणीतरी विचारलेलं, तुझी आई कुठे असते?
तिकडे, म्हातारी सांभाळते.
त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा.
तो चेहरा मी किती रात्री उलटसुलट केला.
हसतोय की रडतोय,
आणि कुणाला.

मंगळवारी त्याच्या शोधपेटीत एक ओळ होती
जिच्यात शोधण्यासारखं काही नव्हतं:
त्या मोडक्या खुर्चीवर बसू नकोस, पाठ धरते म्हणालीस ना.
त्याखाली यंत्राने इमानाने
अकरा दुकानं मांडली होती. खुर्च्यांची, हप्त्यांवर.

मी उठून उभी राहिले. अंधारात, अनवाणी,
जणू कुणी खिडकीतून बघतंय.

बुधवारी: दाढ दुखायची थांबली का.
यंत्राने दिले दाताचे डॉक्टर,
एक तर आमच्याच गल्लीतला, बोंदोचा भाऊ.
गुरुवारी काही नाही. फुटबॉल.
शुक्रवारी: इटलीत पण बर्फ पडतो का त्या म्हातारीच्या गावात.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. कधीपासून?
म्हणजे सिगारेटचा फोटो त्याने पुसला नाही,
पुसता आला असता.
आणि तो पिवळा चेहरा?
आता तो पुन्हा नव्याने वाचायला हवा.

त्याला जन्मल्यावर पाळण्यात घातला तेव्हा
घरात वीज नव्हती. रात्रभर
मी श्वासावर कान ठेवून बसायचे,
आणि तो अंधारात डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघायचा.
कोण कुणाला राखत होतं
हे तेव्हाही नीट ठरलं नव्हतं.

त्या ॲपमध्ये उत्तर द्यायला जागा नाही.
मुलाला काही सांगायचं असेल तर दोनच बटणं:
फोन बंद करा. वेळ वाढवा.
इझोल्दाला विचारलं तर म्हणाली, पहिलं दाब.

दीडला दोन मिनिटं कमी होती.
मी दहा वाढवली.

तिकडचा हिरवा ठिपका विझला नाही.
त्याने काही लिहिलं नाही. कुठे गेला नाही,
फुटबॉल नाही, नात्या नाही.
मोडक्या खुर्चीवरून उठून मी
फरशीवर बसले, पाठ फ्रिजला टेकवून.

आतून हाक आली, पाणी.
पाणी दिलं, उशी सारखी केली,
तिच्या मेलेल्या लेकीच्या नावाला ओ दिली.
परत आले
तेव्हा चार मिनिटं उरली होती.